एक्केचाळीस नंबरचा बिल्ला

दिवाळी अंकाचे लोक घरी आले आणि म्हणाले, मावशी, तुम्ही इतकी वर्षं अहमदपूरच्या एसटी स्टँडसमोर गाड्यांचा स्टँड चालवला. मोटारसायकल चोरीला जाऊ नये म्हणून काय करावं, ते लिहा. मी म्हटलं, माझी शाळा चौथीपर्यंत. ते म्हणाले, जसं बोलता तसं लिहा. म्हणून लिहिते आहे. गोड काही निघणार नाही.

चोरीबद्दल पहिली गोष्ट अशी की कुलपावर भरवसा ठेवू नये. आमच्या काळात एका गाडीची किल्ली दुसरीला लागायची. किल्ली झिजली की कुठलीही. माझा भरवसा तीन गोष्टींवर होता: बिल्ला, प्लग आणि राख.

बिल्ला म्हणजे पत्र्याची गोल चकती. एका नंबरचे दोन. एक गाडीच्या हँडलला, एक गाडीवाल्याच्या हातात. जो बिल्ला आणेल त्याची गाडी. तोंड बघायचं नाही, ओळख बघायची नाही. ओळखीचे लोकच गाड्या नेतात. साडूची म्हणून नेतात, मित्राची म्हणून नेतात. बिल्ला हरवला तर कागदपत्रं आणि दोन साक्षीदार आणल्याशिवाय मी गाडी सोडत नसे. फौजदाराच्या मेहुण्यालासुद्धा सोडली नव्हती.

प्लगचं माझ्या मालकांनी, म्हणजे नवऱ्यानं शिकवलं. त्यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. दम्यानं त्यांना बसवलं, तेव्हा दुकानाच्या मागची जागा मी स्टँडला घेतली. एका रात्रीपेक्षा जास्त राहणारी गाडी आली की मी तिचा प्लग काढून डब्यात ठेवायची. भोकात चिंधीचा बोळा कोंबायचा, म्हणजे धूळ आत जात नाही. वरून टोपी होती तशी लावायची. बघणाऱ्याला काही कळत नाही. किक मारली की पाय पोकळीत गेल्यासारखा खाली जातो आणि गाडी नुसता श्वास सोडते.

आणि राख. सगळ्या गाड्या आत घेतल्या की दाराची ताटी लावायच्या आधी मी मुक्कामाच्या गाड्यांभोवती चुलीतली राख चाळून पसरायची. सकाळी ताटी काढली की आधी जमीन वाचायची. कुत्रं आलं, घूस आली, माणूस आला, सगळं लिहिलेलं असतं. आम्ही लिंगायत, कपाळाला विभूती. त्यामुळे लोकांनी उठवलं की स्टँडवाली मावशी मंतरलेली विभूती टाकते, रेघ ओलांडली की पाय वाळतो. मी कधी नाही म्हटलं नाही. फुकटचा राखणदार कोण सोडतो?

घरी गाडी ठेवणाऱ्यांनाही मी सांगायची. अंगणात ठेवू नका, ओसरीत घ्या, मागचं चाक जमिनीत पुरलेल्या कडीला साखळीनं बांधा. जी वस्तू हलते तिला गाडी बांधू नका. उमरीचा एक मास्तर होता. त्यानं डोकं चालवून गाडी म्हशीला बांधली. कुणी हात लावला की म्हैस ओरडेल म्हणाला. सकाळी गाडी नव्हती आणि म्हैसही नव्हती. माझ्याकडे येऊन म्हणाला, मावशी, तुमच्याकडं म्हशीची सोय हाय का?

आता खरं लिहायचं ते लिहिते.

लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. आधी सगळे कागद उस्मानाबादला, आता लातूरला. जुनी दप्तरं ट्रक भरभरून लातूरला आली आणि माणसं त्यांच्यामागे गेली. सकाळच्या बसला कचेरीत जाणाऱ्यांची रांग लागायची आणि त्यांच्या गाड्या माझ्याकडे. त्याच वेळी दुष्काळ. पावसानं आधीचं वर्ष अर्धं दिलं आणि ते वर्ष दिलंच नाही. टँकरच्या पाण्यावर गाव जगत होतं. दुपारी बारानंतर स्टँडवर माणूस दिसत नसे. कावळे चोच उघडी ठेवून पत्र्याखाली बसायचे. धूळ इतकी की सकाळी पुसलेल्या टाकीवर दुपारी बोटानं नाव लिहिता यावं.

दिगंबर कंपाउंडर माझं रोजचं गिऱ्हाईक. स्टँडजवळच्या ढोरांच्या दवाखान्यात नोकरी, गाव लातूर रोडच्या एका फाट्यावरून आत. काळी मोटारसायकल होती, तिला तो घोड्यासारखी थोपटायचा. एकदा त्यानं बिल्ला हरवला. मी अर्धा दिवस उन्हात बसवला, साक्षीदार आणायला लावले. दुसऱ्या दिवसापासून त्यानं बिल्ला करदोट्याला बांधायला सुरुवात केली. संध्याकाळी आला की भिंतीकडे तोंड करायचा, शर्ट वर करायचा आणि गाठ सोडत उभा राहायचा.

मी म्हणायची, "अरे दिगंबर, बायकामाणसाच्या दुकानात रोज उघडा होतोस, लाज हाय का न्हाई?"

तो म्हणायचा, "तुमच्यापुढं लाज धरली तर गाडी जाते, मावशी."

करदोटाही त्याचा नायलॉनच्या गोफाचा होता. सुती सडतो म्हणायचा. हौशी माणूस. आता शहरातल्या वाचणाऱ्यांसाठी सांगते. कमरेचा करदोटा जिवंत माणसाच्या अंगावरून उतरत नाही. नवा बांधायचा, मग जुना काढायचा, कंबर मोकळी ठेवायची नाही. तोडतात तो मेल्यावर.

दसरा झाल्यावर एका सकाळी दिगंबर गाडी लावून लातूरला गेला. धाकटा भाऊ व्यंकट आणि तो यांच्यात रानाच्या वाटणीचा वाद होता. विहीर कुणाच्या हिश्श्यात, हा मुख्य मुद्दा. दुष्काळात विहीर म्हणजे सगळं रान. जुन्या वाटणीचा कागद लातूरच्या कचेरीत सापडला असं त्याला कळलं होतं. जाताना म्हणाला, मावशी, आज कागद घेऊनच येतो. एक्केचाळीस नंबरचा बिल्ला घेतला, भिंतीकडे तोंड करून बांधला आणि बसमध्ये चढला.

संध्याकाळी आला नाही. दुसऱ्या दिवशी आला नाही. तिसऱ्या दिवशी मी प्लग काढला.

पोलिसांत वर्दी गेली. लातूरच्या कचेरीत त्यानं नक्कल घेतल्याची सही होती. पुढं काही नाही. व्यंकट सगळ्यांना सांगत फिरला की भावानं कुठंतरी बाई ठेवली होती, तिच्यासंगं पुण्याकडं गेला. लोकांना हे पटायला वेळ लागत नाही. त्या वर्षी गावंच्या गावं कामाला बाहेर चालली होती, त्यात एक माणूस कोण मोजतो?

त्याची बायको कमल दर बाजाराच्या दिवशी यायची. बाजार कसला, पिशवी रिकामीच असायची. गाडीजवळ भिंतीला टेकून बसायची. गाडीला हात लावायची नाही. मी पाणी द्यायची, ते अर्धं पिऊन अर्धा तांब्या परत करायची. पहिल्यांदा आली तेव्हा मी म्हटलं, घेऊन जा गाडी, तू त्याची बायको, मी बिल्ला मागत नाही. आयुष्यात असं मी कुणाला म्हटलं नव्हतं.

ती म्हणाली, "नगं. गाडी हितं हाय म्हणजे ते येणार हायेत. गाडी सोडून जाणारा माणूस न्हाई त्यो. बायकूला सोडंल एक वेळ."

मग पुढं ती गाडीच तिची साक्ष झाली. सासरचे म्हणायचे कुंकू पूस, ती म्हणायची गाडी स्टँडवर उभी हाय. मी ती गाडी राखत होते म्हणजे काय राखत होते, हे मला तेव्हा कळत होतं. म्हणून मी जास्तच राखत होते.

संक्रांतीच्या सुमाराला एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. सगळ्या गाड्यांवर बोटभर धूळ बसायची. एक्केचाळीस नंबरच्या टाकीवर, मडगार्डवर बसायची. सीटवर बसायची नाही. म्हणजे पुढच्या भागावर, जिथं चालवणारा बसतो तिथं. मागं धूळ, पुढं साफ. मला वाटलं कमल पुसते. पण ती आठवड्यातून एकदा यायची आणि हे रोज होतं. मांजर म्हणावं तर केस नव्हते. मी मालकांना बोलावून दाखवलं. ते म्हणाले, कुत्रं झोपत असंल.

त्या संध्याकाळी मी त्या गाडीभोवती दुप्पट राख टाकली. सकाळी ताटी काढली. ताटी जशी बांधली होती तशीच होती, सुतळीची गाठसुद्धा माझ्याच हाताची. राखेत पावलं होती. अनवाणी, पुरुषाची, ताटीकडून गाडीकडे गेलेली. परत फिरलेली नव्हती. मी वाकून बघितलं. राख पायाखाली दाबली तर भुगा होते. ही थापलेली होती, शेणकाल्यासारखी. ओल्या पायाची.

ज्या गावात प्यायला पाणी नाही तिथं पाय ओले करून कोण फिरतो?

मी मालकांना म्हटलं, "बघा, दोन पायांचं कुत्रं."

ते खोकत आत गेले. मी राख झाडून घेतली. कुणाला सांगितलं नाही. भूत बघितलं असं मी म्हणत नाही, मी पावलं बघितली. त्यानंतरही दिसली, आठ-पंधरा दिवसांनी एखादी सकाळ. नेहमी आत गेलेली. मी झाडायची आणि ताटी उघडायची. धंदा करायचा होता. विभूतीची बाई स्वतःच राखेला भ्याली, असं कळलं असतं तर एक गाडी आली नसती.

त्याच दिवसांत व्यंकट आला. म्हणाला, गाडी द्या, घरची वस्तू हाय, हितं सडाय लागलीय. मी म्हटलं बिल्ला आण. म्हणाला भाऊच न्हाई तर बिल्ला कुठला, भाऊ मी सख्खा हाय, कागद अन् साक्षीदार आणतो. मला त्याचा आवाज आवडला नाही. साक्षीदार आणले असते तर माझ्याच नियमानं मला गाडी द्यावी लागली असती. म्हणून मी त्याला टोचून बोलले.

"दिगंबरनं बिल्ला करदोट्याला बांधलाय. जा, त्याच्या कमरेचा सोडून आण, अन् गाडी घेऊन जा."

चार माणसं होती, ती हसली. व्यंकट हसला नाही. माझ्याकडे बघत राहिला, जणू मी त्याला रस्ताच सांगितला होता. मग गेला आणि तीन-चार महिने फिरकला नाही.

वैशाख लागला. टँकरही दिवसाआड झाला. विहिरींचे तळ दिसले. ज्या विहिरींना कधी कुणी तळ बघितला नव्हता, त्यांचेही. बाजाराचा दिवस होता, दुपार. कमल भिंतीला टेकून बसली होती. कावळेसुद्धा गप्प होते. व्यंकट आला तो उन्हातून सरळ आत आला आणि माझ्यापुढं मूठ उघडली. तळहातावर एक्केचाळीस नंबरचा बिल्ला.

कमल उठून उभी राहिली. "भावजी, ते आले?" ती म्हणाली. तिचं तोंड मी इतक्या महिन्यांत तसं बघितलं नव्हतं.

"न्हाई वैनी. जुन्या कोटाच्या खिशात गावला," व्यंकट म्हणाला.

मी बिल्ला हातात घेतला. पत्रा उन्हातून आला होता, तापलेला असायला पाहिजे होता. माठातल्या तांब्यासारखा गार होता. पुसलेला होता, पण नंबराच्या खाचांत निळसर गाळ बसला होता. आणि भोकात वीतभर नायलॉनचा गोफ. बिल्ल्याजवळची गाठ तशीच होती. गोफाची दोन्ही टोकं कापलेली होती. सोडलेली नव्हती.

मी मूठ मिटली.

कमल म्हणाली, "दाखवा, मावशी."

मी तिला दाखवला नाही. व्यंकटला म्हटलं, बिल्ला आला, गाडी तुझी. साखळीची किल्ली घरी आहे, आणते. बस सावलीला. आणि कमलला म्हटलं, चल, हंडा उचलू लाग, टँकर यायची वेळ झाली. टँकरचा दिवस नव्हता हे तिलाही माहीत होतं. ती हंडा न घेता माझ्यामागं आली.

साखळीची किल्ली माझ्या कनवटीला होती.

पोलीस चौकी एसटी स्टँडच्या पलीकडच्या कोपऱ्यात. मधलं अंगण भट्टीसारखं तापलेलं. अर्ध्यात कमल थांबली आणि माझं मनगट धरलं. तिनं माझी बोटं एकेक करून उघडली. मी जोर लावला नाही.

तिनं गोफ बोटावर घेतला, गाठ उलटीसुलटी करून बघितली.

"गाठ माझी हाय," ती म्हणाली. "त्यांना मारता येत न्हवती. सैल मारायचे. त्या दिवशी सकाळी मीच मारून दिली."

मागून आवाज आला. व्यंकट वाट बघून कंटाळला असावा. गाडीला किक मारत होता. प्लग नव्हता, त्यामुळे नुसता श्वास. फुस्स. थोडं थांबून पुन्हा फुस्स. त्या रिकाम्या स्टँडवर दुसरा आवाज नव्हता. सहा महिने बंद असलेली गाडी श्वास घेते आहे असं वाटत होतं. कमल ऐकत उभी राहिली. मग बिल्ला स्वतःच्या मुठीत घेतला आणि चौकीची पायरी माझ्याआधी चढली.

जमादार आणि दोन शिपाई आले तरी व्यंकट किक मारतच होता. घामानं भिजला होता. धरल्यावर त्यानं फारसं लपवलं नाही. दिगंबर लातूरहून परतत होता त्या संध्याकाळी त्यानं फाट्यावर उभं राहून बसला हात केला होता आणि दिगंबरला उतरवून घेतलं होतं. गाय अडली हाय, चल, गाडी उद्या आण, म्हणाला. ढोराचं नाव निघाल्यावर दिगंबर थांबणारा नव्हता. विहिरीजवळ कागदावरून बोलणं वाढलं. पुढचं त्यानं पोलिसांना सांगितलं ते मी इथं लिहीत नाही. दगड बांधून त्याच विहिरीत टाकला होता, ज्या विहिरीसाठी भांडण होतं. चैत्रात पाणी आटायला लागलं. व्यंकट रोज वाकून बघायचा. पाणी तळाला गेल्यावर खाली उतरला. भाऊ पुरून टाकायला उतरला होता म्हणाला, आणि तिथं त्याला माझं बोलणं आठवलं.

माणसानं प्रेत लपवायला खाली जावं आणि गाडीसाठी पुरावा हातात घेऊन वर यावं. पण मी हसत नाही. रस्ता मीच सांगितला होता.

दिगंबरला पोलिसांनी बाजेवर घालून वर काढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक्केचाळीस नंबरच्या सीटवर धूळ होती. पुढंही, मागंही, इतर गाड्यांसारखी. मी हात फिरवून बघितला. राखेत काही नव्हतं, नंतरही कधी आलं नाही.

तेराव्यानंतर कमल तिच्या माहेरच्या भावाला घेऊन गाडी न्यायला आली. मोकळं कपाळ. मी गल्ल्यावर बसले होते. समोर माणूस उभा राहिला की तोंडातून जे निघतं ते निघालं.

"बिल्ला?"

बिल्ला पोलिसांकडे पुराव्यात होता. तिचा भाऊ माझ्याकडे असा बघायला लागला की मारील. कमल शांत होती.

"बिल्ला घेऊन आलेल्याला तुम्ही वळखलं," ती म्हणाली. "मला वळखत न्हाईत का, मावशी?"

मी उठले, हँडलचा बिल्ला काढला, साखळी सोडली. साखळी सोडताना मला राहवलं नाही. मी तिला म्हटलं की करदोट्याचं ते मी व्यंकटला बोलले होते. मी बोलले नसते तर तो बिल्ला घ्यायला गेला नसता.

ती म्हणाली, "ठावं हाय मला. त्यानं साहेबापुढं सांगितलं."

"बोलले नसते तर तू अजून हितंच बसली असतीस, कमल."

"बसले असते," ती म्हणाली.

एवढंच. राग नव्हता, तक्रारही नव्हती. मी पुष्कळ चोर पकडले, पुष्कळ गाड्या वाचवल्या, लोक आजही रस्त्यात थांबून नाव काढतात. त्या बाईचं माझ्याकडून काय गेलं, त्याला बिल्ला नव्हता.

भावानं गाडी ढकलत बाहेर काढली. कमल मागून सीटला हात लावून चालली. तेव्हा पहिल्यांदा तिनं त्या गाडीला हात लावला. दोघं लातूर रोडला लागली आणि उन्हात दिसेनाशी झाली.

संध्याकाळी राख चाळताना माझ्या ध्यानात आलं की मी प्लग दिलाच नाही. डबा उघडला, प्लग होता. आत तो बोळाही तसाच राहिला असणार. ढकलत नेली असेल बिचाऱ्यानं गावापर्यंत, म्हणून जिवाला लागलं. दुसऱ्या दिवशी फाट्यावरचा चहावाला बसनं आला, त्याला विचारलं. तो म्हणाला, ढकलत कुठलं, टपरीवर थांबले, अन् निघताना पहिल्याच किकला चालू झाली. बाई मागं बसली, अन् गेली गाडी रानाच्या वाटेनं.

बाजारातून दुसरा प्लग घेतला असेल. असेलच. बाजार वाटेतच लागतो.

कमल पुन्हा स्टँडवर आली नाही, मीही चौकशी केली नाही. स्टँड बंद करताना बिल्ले मोडीत घातले. त्या गाडीचा प्लग तेवढा डब्यात आहे.